‘तुम्ही मुलाचे कोण?’ : दिव्यांग नातवंडे आणि भाचरे सांभाळणाऱ्या ठाणे-नवी मुंबईतील घरांसाठी

थोरल्या बहिणीच्या निधनानंतर तिचा चार वर्षांचा मुलगा माझ्या आईकडे कळव्याला राहायला आला, तेव्हा घरात कोणी बैठक घेतली नाही की काही लिहून ठेवले नाही. त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) आहे, त्याचे वडील कामासाठी बाहेरगावी असतात आणि त्याला आजीची सवय होती, एवढ्यावरच सगळे ठरले. पुढच्या दोन वर्षांत आईला रुग्णालयाच्या खिडकीवर, शाळेच्या कार्यालयात आणि बँकेत एकच प्रश्न इतक्या वेळा ऐकावा लागला, की घरातून निघतानाच ती त्याचे उत्तर मनात घोळवू लागली. ‘तुम्ही मुलाचे कोण?’ ‘आजी’ हे उत्तर खरे होते, पण कुठेच पुरेसे ठरत नव्हते.

आपल्याकडे आजी-आजोबा, मामा-मामी, काका-काकू, मावशी किंवा आत्या यांनी मूल वाढवणे ही नवलाची गोष्ट नाही. मात्र त्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक दिव्यांगत्व, अपस्मार (फिट येणे) किंवा हालचालींची अडचण असेल, तर दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या कार्यालयात जावे लागते, आणि तिथे नात्यापेक्षा कागद आधी विचारला जातो. अशा घरांना मायेची शिकवण द्यायची गरज नसते. त्यांना कागद जमवायला आणि दिवसातले काही तास मूल सांभाळायला माणसे हवी असतात. पुढील पायऱ्या मी आमच्या अनुभवावरून ज्या क्रमाने घ्यायला हव्या होत्या त्या क्रमाने मांडल्या आहेत. आम्ही शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली होती आणि त्यात बराच वेळ वाया गेला.

आधी व्यवस्था नेमकी कोणती आहे ते ठरवा

दोन्ही पालक हयात नाहीत, एक पालक हयात असून त्याची संमती आहे, किंवा पालक हयात असूनही बेपत्ता आहेत वा सांभाळण्याच्या स्थितीत नाहीत, यांपैकी आपली परिस्थिती कोणती, यावर पुढचा मार्ग अवलंबून असतो. हिंदू कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, मुलाचे नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई हे असतात. आजी-आजोबा कितीही वर्षे सांभाळत असले तरी आपोआप कायदेशीर पालक होत नाहीत.

पालक हयात आणि राजी असल्यास त्यांच्याकडून लेखी संमतिपत्र घेऊन ते नोटरी करावे. त्यात मूल कोणत्या तारखेपासून कोणाकडे राहते, शाळेचा प्रवेश, औषधोपचार, शस्त्रक्रियेची संमती आणि शासकीय अर्ज यांसाठी कोणाला अधिकार दिला आहे, आणि तातडीच्या वेळी पालकांशी कसा संपर्क साधावा, हे स्पष्ट लिहावे. या कागदाने पालकत्व बदलत नाही. स्टॅम्पपेपरवर ‘दत्तकपत्र’ करून देतो असे सांगणारे लोक न्यायालयांच्या आसपास भेटतात, त्यांच्या नादी लागू नये. तरीही साधे संमतिपत्र शाळेत आणि रुग्णालयात बरेच काम करते, आणि त्यानिमित्ताने मुलाच्या वडिलांशी किंवा आईशी शांतपणे बोलणेही होते. हे बोलणे मुलासमोर करू नये. ज्या मुलाला बोलता येत नाही, त्याला ऐकूही येत नाही असे धरून मोठी माणसे त्याच्या आईवडिलांबद्दल वाटेल ते बोलतात, हे मी आमच्याच घरात पाहिले आहे.

एक फाईल, आणि तिच्या वर एक पान

जन्मदाखला, पालकांचे मृत्युदाखले असल्यास ते, मुलाचे आधार कार्ड, सांभाळणाऱ्याचे आधार आणि रहिवासाचा पुरावा, जन्माच्या वेळचे रुग्णालयातील कागद, आजवरचे तपासणी अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, लसीकरण कार्ड आणि शाळेचे दाखले या सर्वांच्या मूळ प्रती एका फाईलमध्ये आणि झेरॉक्सचे तीन संच दुसऱ्या फाईलमध्ये ठेवावेत. जन्मानंतर मूल काचेच्या पेटीत होते, उशिरा रडले किंवा कावीळ झाली होती, अशा नोंदी असलेले जुने कार्ड अनेकदा आईच्या माहेरी नाहीतर सासरी कुठल्यातरी कपाटात पडलेले असते. ते आधी शोधावे, कारण मेंदूच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न जन्माबद्दल असतो आणि त्याचे उत्तर आजीला ठाऊक असेलच असे नाही.

मुलाचे नाव सांभाळणाऱ्याच्या शिधापत्रिकेवर लवकर चढवून घ्यावे. त्यासाठी आधीच्या शिधापत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. मूल या घरातले आहे याचा तो सर्वांत सोपा शासकीय पुरावा आहे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या ठिकाणी कुटुंबातील नावे शिधापत्रिकेवरूनच पाहिली जातात. आधारमध्ये ५ आणि १५ वर्षांच्या वयाला बोटांचे ठसे व बुबुळांची नोंद नव्याने करावी लागते. हाताच्या हालचालीवर ताबा नसलेल्या मुलाला त्या दिवशी पोटभर खाऊ घालून, गर्दी नसलेल्या वेळी न्यावे.

या फाईलच्या सुरुवातीला मुलाची ओळख सांगणारे एकच पान असावे. आजाराचे नाव त्यात एका ओळीत पुरे. बाकीच्या पानावर तो तहान लागली की काय करतो, कोणत्या आवाजाला घाबरतो, घास किती मऊ लागतो, फिट येण्यापूर्वी चेहरा कसा होतो, कोणते औषध किती वाजता आणि किती, ‘नको’ कसे सांगतो आणि कशाने शांत होतो, एवढे असावे. आमच्या भाच्याच्या पानावर ‘मिक्सर लावण्यापूर्वी त्याला सांगावे’ असे वाक्य आहे. एकदा आई आजारी पडली आणि शेजारच्या काकूंना अचानक चार तास त्याच्याजवळ थांबावे लागले, तेव्हा त्या एका वाक्याने त्याचा आणि त्यांचा दिवस सावरला. हे पान दर सहा महिन्यांनी नव्याने लिहावे.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य आहेत आणि बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावर करावा लागतो. तिथे निवडलेल्या शासकीय रुग्णालयात तपासणी होते आणि त्यानंतर प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड, म्हणजेच वैश्विक ओळखपत्र, मिळते. ठाण्यात विठ्ठल सायन्ना जिल्हा रुग्णालय, ज्याला सगळे सिव्हिल म्हणतात, ते यासाठीचे परिचित ठिकाण आहे. नव्या इमारतीच्या कामामुळे तेथील विभाग हलवले गेले आहेत, म्हणून निघण्यापूर्वी तपासणीचा वार आणि जागा दोन्ही विचारून घ्यावीत. बालवयात दिलेल्या अनेक प्रमाणपत्रांना मुदत असते. ती संपण्याची तारीख फाईलच्या पुठ्ठ्यावरच लिहावी, नाहीतर सुरू झालेले अनुदान मध्येच थांबते.

इथे पत्त्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात आणि ठाणे तालुक्यात येतात, तर खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात येतात. बोलताना सगळ्यालाच आपण नवी मुंबई म्हणतो, पण खारघरच्या मावशीने कोर्ट नाक्यावरच्या ठाणे जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज नेला तर तो परत येतो, कारण तिचे जिल्हा मुख्यालय अलिबागला आहे.

प्रमाणपत्राची वाट पाहत थेरपी थांबवू नये. नवी मुंबई महानगरपालिकेचे वाशीतील दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र, खारघर येथील राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र आणि ठाणे महापालिकेची ‘जिद्द’ ही विशेष मुलांची शाळा या आपल्या परिसरातील सार्वजनिक जागा आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ पासून चालू आहे, अंगणवाडी आणि शाळांमध्ये ० ते १८ वयाच्या मुलांची तपासणी होते आणि पुढील उपचारांसाठी चिठ्ठी दिली जाते.

शाळेचा दरवाजा

भाच्याच्या प्रवेशाच्या वेळी एका शाळेने ‘वडील आल्याशिवाय फॉर्म देता येणार नाही’ असे सांगितले, आणि आम्ही ते खरे मानून एक वर्ष घालवले. त्या वर्षाचे वाईट मला अजून वाटते, कारण नियम तसा नव्हताच. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये पालकाची जी व्याख्या आहे, तिच्यात नैसर्गिक आणि न्यायालयाने नेमलेल्या पालकांबरोबरच ज्या व्यक्तीकडे मुलाचा सांभाळ आणि ताबा आहे तिचाही समावेश होतो. म्हणजे शाळेपुरती आजी ही पालक आहे आणि तिला त्यासाठी न्यायालयाचा आदेश आणावा लागत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. तोंडी नकार मिळाला तर वाद घालू नये. लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि नकारही लेखी मागावा. बहुतेक वेळा गोष्ट तिथेच मार्गी लागते. तशी लागली नाही, तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे त्याच अर्जाची प्रत घेऊन जावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या ३१व्या कलमानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला परिसरातील शाळेत किंवा त्याच्या निवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांसाठी दिव्यांग मुले वंचित गटात धरली जातात. विशेष शाळा की नेहमीची शाळा, या प्रश्नावर नातेवाइकांत बरेच वाद होतात. माझे मत असे की शाळा निवडताना फलकावरचे नाव पाहू नये. मूल वर्गात कुठे बसेल, शौचालयापर्यंत कसे जाईल, डबा कोण भरवेल आणि बाईंचे त्याच्याशी बोलणे कसे आहे, या चार गोष्टी प्रत्यक्ष जाऊन पाहाव्यात. शाळेत जाणे शक्यच नसलेल्या मुलांसाठी समग्र शिक्षा अभियानात घरी येऊन शिकवण्याची तरतूद आहे. दहावी-बारावीला लेखनिक आणि ताशी २० मिनिटे जादा वेळ यांसारख्या सवलती मिळतात. मात्र त्यांचे अर्ज परीक्षेच्या तोंडावर करून चालत नाहीत, नववीतच मुख्याध्यापकांना भेटावे.

पैसा: कोणत्या खिडकीवर काय मागायचे

महिला व बालविकास विभागाची क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांसाठी सर्वांत जवळची आहे. तिच्यात मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वाची, म्हणजे मूल कुटुंबातच वाढावे म्हणून दिल्या जाणाऱ्या मदतीची, रक्कम दरमहा ४,००० रुपये असून त्यासाठी शहरी भागात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९६,००० रुपयांपर्यंत असावे लागते. नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुले तिच्यात स्पष्टपणे धरलेली आहेत. दोन्हींसाठी जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी समिती) यांच्याकडे जावे, आणि आपल्या मुलाला कोणती योजना लागू पडते ते तेथील अधिकाऱ्यांकडूनच ठरवून घ्यावे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात होतो, आणि २०२५ मध्ये तिच्यातील दिव्यांगांचे मासिक अर्थसहाय्य १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. महापालिकांना आपल्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो, म्हणून ठाणे व नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या समाजविकास विभागात त्या वर्षीच्या योजनांची चौकशी अवश्य करावी.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असल्यास राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते, आणि त्यात थेरपी व बाह्यरुग्ण उपचारांचाही काही खर्च बसतो. साध्या विम्यात हे सहसा नसते.

वारलेल्या आईचे किंवा वडिलांचे भविष्य निर्वाह निधीचे खाते होते का, हे जरूर शोधा. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत काम केलेल्या कितीतरी लोकांचे ते असते आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत दोन्ही पालक नसलेल्या मुलाला विधवा निवृत्तिवेतनाच्या ७५ टक्के रक्कम मिळते. एरवी हे वेतन २५व्या वर्षी थांबते, पण कायमस्वरूपी दिव्यांग मुलाला ते आयुष्यभर मिळते.

आयकराची एक गोष्ट फार जणांना उशिरा कळते. जुन्या कररचनेत दिव्यांग आश्रितासाठी ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट आहे. परंतु व्यक्तिगत करदात्यासाठी ‘आश्रित’ म्हणजे जोडीदार, मुले, आईवडील आणि भावंडे एवढेच. नातवावर पूर्ण निवृत्तिवेतन खर्च करणाऱ्या आजोबांना ती मिळत नाही, मात्र धाकट्या भावाला सांभाळणाऱ्या बहिणीला मिळू शकते. आजोबांच्या बाबतीत मला हे अन्यायाचे वाटते, पण विवरणपत्र भरताना चूक होऊ नये म्हणून ते माहीत असलेले बरे.

कायदेशीर पालकत्व

मुलाच्या नावावर मालमत्ता किंवा नुकसानभरपाई असेल, दहा वर्षांखालील मुलाचे बँक खाते उघडायचे असेल, किंवा पालकांचा ठावठिकाणा नसेल, तर कायदेशीर पालकत्व घ्यावे लागते. पालक व पाल्य अधिनियम, १८९० नुसार मूल जिथे नेहमी राहते त्या हद्दीतील न्यायालयात अर्ज करता येतो. न्यायालय मुलाचे हित, अर्जदाराची क्षमता, नात्यातील जवळीक, वारलेल्या पालकांची इच्छा आणि मूल जाणते असल्यास त्याचे मत विचारात घेते. वकिलाच्या खर्चाने घाबरून अनेक आज्या इथेच थांबतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रिया, बालके आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे.

पालक बेपत्ता आहेत, किंवा मुलाला मारहाण वा उपेक्षा होत होती, अशा वेळी बाल कल्याण समितीकडे जावे. तातडीच्या मदतीसाठी १०९८ आहे. समितीकडे गेलो तर मूल बालगृहात टाकतील, ही भीती मी अनेकांकडून ऐकली आहे. बाल न्याय कायद्याने संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या नवव्या कलमात तर पालक सांभाळू शकत नसतील तेव्हा सक्षम न्यायालयाने मुलाला प्रथम जवळच्या नातेवाइकांकडे सोपवावे असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे मुलाला घरात घेणारा मामा कायद्याच्या वाटेनेच चाललेला असतो.

१८ वर्षे पूर्ण झाल्यावर गणित बदलते. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत तिच्या स्थावर मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्षाअखेर हिशेब द्यावा लागतो. अर्जाची तयारी सतराव्या वर्षीच सुरू करावी.

सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार

‘काही लागलं तर सांगा’ या वाक्याने कोणाचीही मदत होत नाही, कारण सांगण्यासाठीही बळ लागते. मदत करायची असेल तर काम आणि वेळ ठरवून सांगावी. ‘दर मंगळवारी थेरपीला मी नेईन’, ‘औषधे महिन्याच्या एक तारखेला मी आणीन’, ‘अर्ज ऑनलाइन मी भरेन’. कळव्याहून ठाण्याला गाडी बदलून, ट्रान्स हार्बरने वाशीला, कडेवर नऊ वर्षांचे मूल घेऊन जाणाऱ्या सत्तरीच्या बाईला लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातही दुसरा हात लागतो. माझ्या भावाने शनिवारचे हे जाणे-येणे स्वतःकडे घेतले, तेव्हा आईने कित्येक महिन्यांनी स्वतःचा रक्तदाब तपासून घेतला.

मूल जड होत जाते आणि सांभाळणारे वयाने वाढत जातात. उचलताना कमरेत न वाकता गुडघे दुमडावेत, मुलाला आधी अंगाजवळ घ्यावे, आणि पलंग, खुर्ची व कमोड यांची उंची शक्यतो सारखी करून घ्यावी, म्हणजे उचलण्याऐवजी सरकवता येते. फिजिओथेरपिस्टकडे गेल्यावर मुलाच्या व्यायामाइतकेच हे शिकून घ्यावे. फिट आल्यास कांदा किंवा चप्पल हुंगवू नये आणि तोंडात चमचा घालू नये. मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, घड्याळ पाहावे, आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ ला फोन करावा. हे घरातल्या प्रत्येकाला, शाळेतून आलेल्या चुलत भावंडांनासुद्धा, माहीत असावे.

आई कुठे आहे, हे मूल कधीतरी विचारते. शब्दांत नाही तर आईच्या साडीशी, फोटोशी खेळून विचारते. त्याला खरे आणि थोडक्यात सांगावे, दर वेळी त्याच शब्दांत. आमच्याकडे बहिणीचा फोटो त्याच्या हाताला लागेल अशा उंचीवर लावला आहे.

पुढचा माणूस

आजी-आजोबांना मृत्युपत्राने आपल्या मालमत्तेची सोय करता येते, पण नातवाचा पालक नेमता येत नाही. हिंदू कायद्यात तो अधिकार आईवडिलांचा आहे. म्हणून वडील हयात असतील तर त्यांच्याशी, आणि नसतील तर वकिलाशी बोलून पुढचा पालक आजच ठरवावा आणि शक्य असल्यास न्यायालयातील अर्जात त्याचेही नाव घालावे. पैसे थेट मुलाच्या नावावर ठेवण्यापूर्वी ते कोण वापरणार आणि हिशेब कोण पाहणार, याची लेखी व्यवस्था करावी.

आमच्याकडे पुढचा माणूस मी आहे. त्यामुळे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भाचा ऐरोलीला माझ्या घरी दोन रात्री राहतो. पहिल्या खेपेला तो झोपला नाही आणि मीही झोपले नाही. त्याच्या औषधांचा एक संच, त्याचे ते एक पान, त्याची वाटी आणि त्याच्या जुन्या गोधडीचा अर्धा तुकडा आता माझ्या घरीच असतो, आणि मिक्सर लावण्यापूर्वी मी त्याला सांगते.